माझ्यासाठी कर्ण्यावरून हाक

मी एक कॅप्सूल बोलतेय. म्हणजे आज सकाळपर्यंत कॅप्सूल होते. अर्धी लाल, अर्धी पिवळी, चारचौघींत उठून दिसणारी. आता माझं कवच विरघळलंय आणि मी विल्फ्रिदोच्या रक्तातून वाहते आहे. वेळ थोडा आहे, तेव्हा ऐकून घ्या.

माझं नाव अमॉक्सिसिलिन. आमचं मूळ घराणं पेनिसिलिनचं, म्हणजे बुरशीचं. नाक मुरडू नका, जंतूंना लोळवणं हा आमचा पिढीजात उद्योग आहे. माझा जन्म मात्र कारखान्यातला. कवचात पांढरी भुकटी भरली, वर टोपण बसलं आणि आम्ही चौघी बहिणी एका चंदेरी पट्टीत शेजारी शेजारी बंद झालो. पट्टीत पडून राहण्याइतकं कंटाळवाणं काही नाही. कुणाच्या तरी कामी यावं, एवढीच एक आस असते.

आम्हाला पिशवीत घालून डोंगरावरच्या या गावात आणलं ते दातांच्या डॉक्टर सित्लालीबाईंनी. त्या ओआहाका शहरातून महिन्यातून एकदा इथं येतात, मुक्काम करतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं परततात. गावात औषधाचं दुकान नाही. म्हणून लागेल तेवढंच औषध त्या मोजून आणतात.

इथं पोरंसोरं चालायला लागली की बँडमध्ये जातात. विल्फ्रिदो त्या बँडचा पहिला ट्रम्पेटवाला. गेल्या जत्रेत कागदाचा बैल डोक्यावर घेऊन, त्याच्या शिंगांवर फटाके पेटवून एकजण नाचत होता. नाचता नाचता तो थेट विल्फ्रिदोवर आला. बैलाचं शिंग ट्रम्पेटला लागलं आणि ट्रम्पेट दाताला. पुढचा दात गेला, सूर गेला. ओठ टेकवायला आधारच उरला नाही. बँडमास्तरनं त्याच्या हातात झांजा दिल्या. पुढची मिरवणूक निघाली तेव्हा विल्फ्रिदो सगळ्यात मागं, मान खाली घालून, झांज वाजवत चालला होता. पुढच्या जत्रेत परत ट्रम्पेट धरायचा, एवढंच त्याला हवं होतं.

काल संध्याकाळी सित्लालीबाईंनी त्याला आमची पट्टी दिली.

“पेनिसिलिनचं वावडं आहे का?”

“बाई, मला फक्त झांजांचं वावडं आहे.”

“मग ऐका. उद्या इथं यायच्या तासभर आधी या चारही एकदम घ्यायच्या.”

“एवढ्याच? माझ्या मेहुण्याला शहरात डबाभर दिल्या होत्या. दात बसवल्यावर आठवडाभर खात होता.”

“तुम्ही ठणठणीत आहात, तुम्हाला एवढ्या पुरतील. नव्या दाताचा स्क्रू हाडात बसवताना हिरडी उघडी पडते, तेव्हा औषध रक्तात हजर पाहिजे. मिरवणूक पुढं गेल्यावर ट्रम्पेट फुंकून काय उपयोग?”

हे त्याला पटलं. मी तर मनात टाळ्याच वाजवल्या. इतकं नेमकं बोलणारे डॉक्टर आमच्या नशिबी थोडे.

पण रात्रीचं जेवण व्हायच्या आत फिदेन्सिया आली. ही शेजारीण. विल्फ्रिदोच्या लेकीला बाप्तिस्म्यात हिनंच हातावर घेतलं होतं, म्हणून नात्यानं ही त्याची कोमाद्रे, तो हिचा कोंपाद्रे. त्या लेकीच्या लग्नात हिनं न मागता टर्कीची जोडी आणून दिली होती. या डोंगरात अशा देण्याला गेलागेत्सा म्हणतात. आज मी तुझी नड भागवली, उद्या तू माझी भागवशील. शेजारी नडलाय आणि आपल्या घरात वस्तू आहे, तर नाही म्हणायची सोयच नाही.

“नाक नुसतं गळतंय रे, कोंपाद्रे,” ती शिंकत म्हणाली.

विल्फ्रिदोनं कात्री घेतली आणि आमची पट्टी मधोमध कापली.

“अरे, या तुझ्या दाताच्या ना?”

“दात एकच आहे. दोन पुरतील.”

मी किंचाळले, पण कॅप्सूलचं कोण ऐकतं! सर्दीचे विषाणू आम्हाला भीकही घालत नाहीत. आम्ही जंतूंच्या वैरिणी, विषाणूंच्या नाही. माझी आणि माझ्या धाकटीची रवानगी फिदेन्सियाच्या घरी झाली. तिनं आम्हाला देव्हाऱ्यात झेंडूच्या फुलांशेजारी ठेवलं, भरपूर मिरची घातलेलं कोंबडीचं पाणी ओरपलं आणि जी झोपली ती घोरायलाच लागली. सकाळी तिचं नाक मोकळं! आम्ही तशाच पडून. मला तर रडूच कोसळलं. देव्हाऱ्यातच मुदत संपणार असं वाटलं.

इतक्यात बाहेर कर्णा खरखरला. या गावात पंचायतीच्या छपरावर कर्णा आहे. कुणाकडे डुक्कर कापलंय, कुणाचं गाढव सुटलंय, सगळं त्यावरून कळतं.

“फिदेन्सिया, ऐक गं! कालच्या दोन लाल-पिवळ्या गोळ्या घेऊन दवाखान्यात ये! विल्फ्रिदोचा दात अडलाय!”

कर्ण्यावरून माझी वर्दी! अख्ख्या डोंगरात! मी झेंडूइतकी फुलले.

फिदेन्सिया अर्धी वेणी घालून तशीच धावत सुटली. दवाखान्यात विल्फ्रिदो तोंड लपवून बसला होता. झालं असं, की त्यानं घरी दोनच गिळल्या होत्या. बाईंनी विचारलं तेव्हा कबूल केलं. बाईंजवळ जादा औषध नव्हतं. आज स्क्रू राहिला तर महिना गेला, आणि स्क्रू हाडात मुरायला महिने लागतात, म्हणजे जत्राही गेली. तरी हा गडी म्हणाला, “दिलेलं परत मागायचं? त्यापेक्षा झांजा बऱ्या.” तेव्हा बाई स्वतः उठून पंचायतीत गेल्या आणि कर्ण्यावरून पुकारा करवून आल्या.

पण कर्ण्यावरून पुकारलेली नड भागवणं एकट्या फिदेन्सियाचं काम थोडंच! आमच्यामागोमाग गाव लोटलं. कुणी पदराआडून, कुणी टोपीतून उरल्यासुरल्या गोळ्या आणल्या. पांढऱ्या, निळ्या, अर्ध्या तुटलेल्या. एक म्हातारा तर गाईचं इंजेक्शन घेऊन आला.

“विल्फ्रिदोला चालेल हे?”

“आजोबा, हंबरायला लागेल तो!” बाई हसत हसत खाली बसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, “ऐका सगळ्यांनी. मका द्या, टर्की द्या, या गोळ्या देऊ नका. त्या ज्याच्या त्याच्या. हे सगळं टोपलीत टाका, मी शहरात नेऊन नष्ट करवते.”

टोपली भरली. आम्हा दोघींची पट्टी मात्र त्यांनी उजेडात धरून पाहिली. कागद कुठं फाटलेला नव्हता.

“घे,” फिदेन्सिया म्हणाली. “काल दिलंस, आज परत. फिटंफाट.”

“कोमाद्रे, मी मागितलं नव्हतं हं.”

“माहीत आहे. मुकाट गीळ. आणि जत्रेत पहिलं माझ्या दारापुढं वाजव.”

त्यानं आम्हाला गिळलं. पुढं गेलेल्या दोघींच्या मागोमाग आम्ही उतरलो. बाईंनी आम्हाला रक्तात पोचायला वेळ दिला, मग सुई दिली, ड्रिल फिरलं. मी हिरडीत पोचले तेव्हा दारात जंतू जमलेच होते. आम्ही त्यांना आत पाऊल ठेवू दिलं नाही. आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती!

“घट्ट बसला,” बाई म्हणाल्या.

विल्फ्रिदोनं बधिर ओठांनी शीळ घालून पाहिली. फुस्स! सगळा दवाखाना हसला, तोही वाकड्या तोंडानं हसला. त्याच्या हृदयाचे ठोके मला आतून ऐकू येत होते, आणि ते अगदी मिरवणुकीच्या तालात पडत होते.

मी आता निघते. संध्याकाळपर्यंत लघवीवाटे बाहेर पडेन. लाज कसली, आमची वाटच ती. जत्रेतलं वाजवणं मला ऐकायला मिळणार नाही. तुम्ही एवढंच करा, आम्हाला वाटून टाकू नका, साठवू नका, सर्दीला देऊ नका. बोलावलं तर वेळेवर आणि पुऱ्या बोलवा, मग बघा आम्ही काय करतो ते.

थांबा, कर्णा परत खरखरतोय.

“ऐका हो ऐका! विल्फ्रिदोचा स्क्रू बसला! त्याच्या झांजा मोकळ्या झाल्यात. कुणाला हव्या असतील तर घेऊन जा!”