भिंत कुठून रडते

दारात एकोणचाळीस चपला. म्हणजे एक एकटीच होती.

ऑफिसातून फोन आला, निळी फाईल कुठे ठेवली आहे. मी सांगितलं. सापडली.

गोळ्यांच्या पाकिटात अठ्ठावीस गोळ्या असतात. सकाळी एक, संध्याकाळी एक. दोन आठवड्यांपूर्वी आणलेल्या आईच्या पाकिटात अठ्ठावीस होत्या.

शेजारच्या काकू रांग लावत होत्या. बायका डावीकडून, पुरुष उजवीकडून, एकाच हाताने स्पर्श, रेंगाळायचं नाही.

फाटकाजवळ जमिनीत एक लोखंडी झाकण आहे. त्यावर सतरंजी टाकून एक माणूस डोळे मिटून बसला होता.

कुठून सुरुवात करावी हे मला ठरवता येत नाही, म्हणून भिंतीपासून करते.

वडील गेल्यानंतर नवव्या दिवशी त्यांच्या खोलीतली भिंत रडू लागली. कपाटाच्या बाजूला, उभ्या माणसाचे डोळे असतात साधारण तेवढ्या उंचीवर. रंगाला फुगे आले, फुगे फुटले, मग दोन ओघळ. समाचाराला आलेल्या काकूंनी ते पाहिले आणि भाजी महागली म्हणावं तितक्या सहज म्हणाल्या की भाऊजी रडतायत. संध्याकाळपर्यंत गल्ली येऊन गेली. दुसऱ्या दिवशी पलीकडची गल्ली. तिसऱ्या दिवशी पाणीबाबा नावाचा एक बुवा आला.

पाणीबाबाचं म्हणणं असं होतं की पाणी सगळं ऐकतं. भिंत म्हणजे उभी केलेली जमीन, आणि अश्रू म्हणजे आडवा व्हायचा राहिलेला शोक. हे त्याने दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणाला कळलं नव्हतं. दुसऱ्यांदाही कळलं नाही, पण माना हलल्या. परदेशातल्या शास्त्रज्ञांनीही हे मान्य केलंय, असं तो म्हणाला. कुठल्या, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या दिवसांत मी काहीच विचारत नव्हते. आलेल्यांना पाणी देत होते, पेले विसळत होते. आतून सगळं दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ होतो तसं होतं. आपलाच, पण आपला नसलेला.

तो रोज दुपारी यायचा. भिंतीला तळवा लावून पाऊण तास बसायचा. आत्म्याशी बोलणं चालू असताना घरातल्या कुणी नळाला हात लावायचा नाही, पाण्याचा अपमान होतो, हा त्याचा एकच नियम. बाहेर फाटकापाशी त्याचा चेला राखण करायचा. पाऊण तासाने ओघळ थांबलेले असायचे. लोक हात जोडायचे. तो गेला की तासाभरात भिंत परत रडायची, आणि पाणीबाबा गेला म्हणूनच रडते, असा त्याचा अर्थ निघायचा.

भिंतीखाली आई वाटी ठेवायची. वाटीतलं पाणी प्यायची. बाबाने सांगितलं होतं की हृदयाला याच्याहून मोठं औषध नाही. आईला सहा वर्षांपासून हृदयाचा त्रास आहे. मी एकदा गोळी पुढे केली तेव्हा ती म्हणाली, "नको. घरात कुणीतरी रडतंय, तेवढं मला पुरतं."

ते मला उद्देशून होतं. मी रडले नव्हते. अजूनही नव्हते. मी गोळी परत पाकिटात ठेवली. तिच्यावरचा चंदेरी कागद फाटलेला होता, म्हणून चिकटपट्टी लावली.

आत्या आली ती या सगळ्याच्या सहाव्या दिवशी. वडिलांची धाकटी बहीण. चाळीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली तिने. शिकवलं कधीच नाही, पण मोरीपाशी उभं राहून प्रत्येक तास ऐकला. तिचे गुडघे वाकत नाहीत आणि जीभ थांबत नाही. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. आईचे सुजलेले पाय पाहिले, बोटाने दाबले, खळगा पडला तो भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मग पाकीट उघडून गोळ्या मोजल्या. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "तू झोपली होतीस का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, आत्या."

दुपारी पाणीबाबाने भिंतीला तळवा लावला. वीसेक मिनिटं झाली असतील. आत्या उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. काकू धावत मागे गेल्या. नियम मोडला म्हणून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आत्या म्हणाली, चष्मा धुवायचाय, अपमान चष्म्याचाही होतो.

नळाने एक घोट पाणी दिलं, फुसफुसला आणि थांबला.

न्हाणीतला नळही तसाच. आमच्याकडे गच्चीवर टाकी नाही. रस्त्याखालच्या मोठ्या नळातून पाणी थेट घरात येतं, आणि ते चोवीस तास असतं. आत्याने काकूंना त्यांच्या घरचा नळ बघून यायला सांगितलं. काकू येताना पुरावा म्हणून तांब्या भरूनच घेऊन आल्या.

मग आत्या नळाच्या मागे मागे चालू लागली. खरोखर चालू लागली. स्वयंपाकघरातून पाइप भिंतीबाहेर येतो, कोपऱ्यापर्यंत खाली उतरतो, तिथून कुंड्यांमागून फाटकाकडे जातो. एका हाताने भिंत धरून, एका हाताने पाइप दाखवत ती फाटकापाशी पोचली. तिच्यामागे मी, काकू, आणि रांगेत नंबर न लागलेले दहा-बारा जण.

"उठा जरा," ती चेल्याला म्हणाली.

चेला म्हणाला, राखण मोडेल. आत्या म्हणाली, मोडू दे. तो उठला. मी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. टोपी नव्हती आणि हातात वही नव्हती, म्हणून इतके दिवस ओळखता आलं नव्हतं. मी विचारलं, "तुम्ही मीटर बघायला यायचात ना?"

"अकरा वर्षं," तो म्हणाला. "नोकरी सुटली." त्याने ते कुठलाही राग न धरता सांगितलं. वाकून झाकणही त्यानेच उचललं. सवय असावी.

झाकण गंजलेलं. आत पाण्याचा मीटर, आणि त्याच्या अलीकडे मुठीएवढं चाक, म्हणजे मेन व्हॉल्व्ह. चाक मात्र चकचकीत, रोज हात लागल्यासारखं. मला वाटलं ही चेल्याची चारपाच दिवसांची कमाई. आत्या म्हणाली, चारपाच दिवसांत पितळ असं गुळगुळीत होत नाही.

तिने आतल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. पाणीबाबाही आला, कारण आत भिंत, आई आणि तो एवढेच उरले होते. आत्याने भाषण केलं नाही. काकूंना घरातले सगळे नळ बंद करून यायला सांगितलं. मग मला चाक डावीकडे फिरवायला लावलं. हळू, एकदम उघडलं तर पाइपाला हिसका बसतो. मी फिरवलं. मीटरच्या काचेत एक बारीक लाल चक्र असतं, ते फिरू लागलं.

"नळ बंद आहेत?" आत्याने विचारलं.

"सगळे," काकू म्हणाल्या. "दोनदा बघितले."

"मग पाणी कोण पितंय?"

लाल चक्र फिरत राहिलं. थोड्या वेळाने काकू आत जाऊन आल्या आणि म्हणाल्या की भिंत परत सुरू झाली. आत्याने चाक उजवीकडे फिरवून घेतलं. चक्र थांबलं. भिंत थांबायला अर्धा तास लागला, पाइपात उरलेलं पाणी झिरपून जाईपर्यंत. कपाटामागे, भिंतीत गाडलेल्या न्हाणीकडच्या पाइपाचा एक सांधा सुटला होता. एवढंच होतं.

पाणीबाबा म्हणाला, अश्रद्धेच्या घरी जल रुसतं, आणि निघाला. सात-आठ जण त्याच्याबरोबर गेले. चेला जरा मागे थांबला. झाकण बसवताना तो हळूच म्हणाला की या चाकाला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या.

आई बाहेर आली नव्हती. भिंतीपाशीच बसली होती, वाटी घेऊन. आत्या दारात उभी राहिली. खाली बसता येत नव्हतं तिला.

"वहिनी, दादा गेला. हे नळाचं पाणी आहे."

आईने चाकाबद्दल विचारलं. काकूंनी तिला मघाशी सांगितलं होतं की ते चकचकीत आहे. किती चकचकीत, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "जेवण झालं की पाच मिनिटं बाहेर जायचे. बावीस वर्षं. मला वाटायचं चोरून सिगरेट ओढतात. मी वास घेऊन बघायचे."

म्हणजे सांधा कच्चा आहे हे वडिलांना ठाऊक होतं. रात्री व्हॉल्व्ह बंद, पहाटे आम्ही उठायच्या आत चालू. रात्रीपुरतं पाणी न्हाणीत बादल्यांत भरलेलं असायचं, म्हणून आमच्या लक्षात आलं नाही. भिंत फोडायची टाळाटाळ, आणि आम्हाला सांगायचीही. ते गेल्यावर चाक कुणीच फिरवलं नाही. पाण्याचा दाब अहोरात्र राहिला. नवव्या दिवशी सांध्याने हार मानली.

आई फाटकापर्यंत चालत गेली, मध्ये दोनदा थांबली. मी झाकण उचललं, व्हॉल्व्ह पुन्हा उघडला आणि तिचा हात चाकावर ठेवला.

"उजवीकडे?" तिने विचारलं.

"उजवीकडे."

तिने बंद केला. परत आल्यावर काकूंच्या तांब्यातल्या पाण्याने गोळी घेतली. चव घेतल्यासारखं तोंड केलं. प्लंबर दुसऱ्या दिवशी आला.

वाचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. रस्त्याकडून पाइप घरात शिरतो ती जागा आजच शोधा. व्हॉल्व्ह तिथेच कुठेतरी असतो. झाकणाखाली, कुंडीमागे, जिन्याखाली. तो उजवीकडे बंद होतो, डावीकडे उघडतो. अडला तर जोर लावू नका, माणूस बोलवा. दोनतीन महिन्यांतून एकदा फिरवा, नाहीतर लागेल तेव्हा फिरणार नाही. घरातल्या प्रत्येकाला दाखवा, हे काम एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. सगळे नळ बंद करून मीटर बघा. जो माणूस तुम्हाला नळाला हात लावू नका सांगतो, त्याच्यादेखत नळ सोडा. आणि घरात कुणी औषध सोडलं असेल, तर आधी त्याला गोळी द्या आणि मग चमत्काराकडे बघा.

त्या भिंतीवरचा ओला डाग मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा वडील जिवंत होते, त्याच खोलीत आरशासमोर बसून दाढी करत होते.