मायाक्काच्या दंडावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे आणि सध्या एका लंगड्या मेंढीच्या गळ्यात आहे. पण तेवढ्यावरून मला साधी दोरी समजू नका. फुटबॉलच्या मैदानावर संघाची कॅप्टन दंडावर जो पट्टा घालते ना, तो मी. आता माझा रंग उडाला आहे, कड विरली आहे आणि माझ्या अंगाला लोकरीचा वास येतो. एके काळी मात्र माझाही थाट होता. तो ज्या दंडामुळे होता, त्या दंडाची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी व्हायची नाही.

माझा जन्म सोलापुरात, भवानी पेठेतला. तिथे गुरम्मा नावाची एक बाई चादरींच्या कारखान्यातून उरलेले काठ आणून त्यांच्या पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवायची. तिच्या मागच्या खोलीत मायाक्का नावाची मुलगी शाळेसाठी राहत होती. मायाक्काचे वडील बिभीषण सांगोल्याकडचे मेंढपाळ. त्यांची मेंढरं दरवर्षी गुरम्माच्या भावाच्या रानात खतासाठी बसायला यायची. त्या ओळखीवर त्यांनी पोरीला तिच्याकडे ठेवलं होतं.

मायाक्का शाळेच्या फुटबॉल संघाची कॅप्टन झाली, पण शाळेकडे पट्टाच नव्हता. त्यांचे खेळाचे शिक्षक, श्रीमंत नावाचे सर, तिच्या दंडाला आपला हातरुमाल बांधायला निघाले होते. गुरम्मानं ऐकलं आणि ती आपल्या कानडी वळणाच्या मराठीत फणकारली.

"सोलापुरात राहतीस आणि रुमाल बांधतीस? हात पुढं कर, यव्वा."

तिनं लाल चादरीचा पिवळ्या नक्षीचा काठ कापला, आत इलॅस्टिक घातलं आणि मला शिवलं. पोरीचा दंड काडीसारखा. पण गुरम्मा दूरवरचं बघणारी. "पोरगी वाढंल की," असं म्हणून तिनं माझ्यात चुण्या घालून ठेवल्या. जसजसा दंड भरेल तसतशी एकेक चुणी उसवायची. आजवर मी पुष्कळ पट्टे पाहिले, पण वाढत्या अंगाचा पट्टा मी एकटाच.

मायाक्का मधल्या फळीत खेळायची. मित्रांनो, ही जागा मोठी कष्टाची असते. गोल पुढचे करतात, टाळ्या त्यांना मिळतात. आपल्यावर गोल झाला की शिव्या गोलरक्षकाला. मधल्यानं मात्र सगळा वेळ धावायचं, मागून आलेला चेंडू घ्यायचा आणि पुढे योग्य पायाशी नेऊन द्यायचा. आमची मायाक्का चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून सगळं मैदान बघून घ्यायची. सर विचारायचे, "तुला हे कुणी शिकवलं गं?" ती नुसती हसायची.

तिला ते वडिलांनी शिकवलं होतं. लहानपणी मेंढरांमागे हिंडताना बिभीषण तिला सांगायचे, "मेंढराकडं बघू नगंस, मोकळ्या जागंकडं बघ. मेंढरू तितंच जातंय." पण त्याच बिभीषणना पोरीचा खेळ मुळीच पसंत नव्हता. शाळेत पाठवलं ते शिकायला, चड्डी घालून चेंडू लाथाडायला नव्हे, असं त्यांचं रोखठोक मत. खेळाचा विषय निघाला की ते उठून मेंढरांत जाऊन बसत. मायाक्का कितीही बक्षिसं घेऊन आली तरी त्यांनी एकदासुद्धा हातात धरून पाहिली नाहीत. तिला त्याचं फार वाटायचं. रात्री उशाशी मला ठेवून ती जागी पडून राहायची.

एकदा मात्र नवल घडलं. सोलापुरात अंतिम सामना होता. बिभीषण बाजाराला म्हणून आले होते, ते खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन थेट मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले. बाकीचे लोक ओरडत होते, नाचत होते. हा माणूस खांबासारखा उभा. सामना आम्ही जिंकलो. मायाक्का घामाघूम होऊन, भीत भीत त्यांच्यापुढे गेली.

बिभीषणनी काठीनं मैदानाची मोकळी बाजू दाखवली. मग म्हणाले, "तू चेंडूमागं पळत नव्हतीस की. तू राखत हुतीस."

एवढंच बोलून ते एस.टी. गाठायला निघून गेले. त्या दिवशी मायाक्का ढाल विसरली, फोटो विसरली. घरी येऊन तिनं गुरम्माला तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगितलं. गुरम्मा शेवटी वैतागून म्हणाली, "कळालं गं बाई, आता जेव!"

पुढे चुण्या उसवत गेल्या. शाळा संपली, कॉलेज झालं, विद्यापीठाचा संघ झाला. आणि मग बंगळूरच्या एका क्लबानं मायाक्काला करारावर घेतलं. खेळणं हीच नोकरी! भवानी पेठेत पेढे वाटले गेले. गुरम्मानं माझी कड नव्यानं शिवून दिली आणि मी मायाक्काच्या बॅगेत बसून बंगळूरला गेलो.

खरं सांगतो, तिथे माझी जरा पंचाईत झाली. क्लबाची कॅप्टन दुसरीच होती आणि तिचा पट्टा चकचकीत, चिकटपट्टीवाला. मी बॅगेच्या कप्प्यात. पण प्रत्येक सामन्याआधी मायाक्का कप्प्यात हात घालून मला एकदा चाचपायची. तेवढ्यावर माझं पोट भरायचं. तिचा खेळ बहरत होता. टीव्हीवर सामने दिसायचे, आणि सांगोल्याकडच्या त्या गावात लोक मोबाइल घेऊन बिभीषणच्या मागे लागायचे, "बघा की, तुमची पोरगी!" ते नुसते बघायचे. पण मोबाइल लवकर परत द्यायचे नाहीत.

एके दिवशी कॅप्टन आजारी पडली आणि मायाक्काला त्या सामन्यापुरतं कॅप्टन केलं. तिनं चकचकीत पट्टा बाजूला ठेवला आणि मला दंडावर चढवलं. पंचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हजारो लोक होते मैदानावर. मला वाटलं, जन्माला आल्याचं सार्थक झालं.

त्याच सामन्यात तिनं नेहमीसारखी मान वळवली, अंगही वळलं, पण पाय जमिनीत रुतलेलाच राहिला. उजव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं. तिला उचलून नेताना तिनं मला दंडावरून काढलं आणि मुठीत इतकं घट्ट धरलं, की माझी शिवण उसवली.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते चांगलं झालं होतं, मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. डॉक्टर म्हणाले, व्यायाम इमानेइतबारे केलेस तर पुढच्या हंगामात मैदानावर असशील. क्लबानंही जागा राखून ठेवली. बंगळूरच्या खोलीवर पाण्याचा तांब्या द्यायलाही कुणी नव्हतं, म्हणून ती गावी आली. रोज दारात सतरंजी टाकून ती पाय वाकवायची, सरळ करायची. मी उशाला असायचो. गुडघा हळूहळू वळायला लागला होता. तिच्या तोंडावर पुन्हा रंग आला होता.

बिभीषण हे सगळं लांबून बघायचे. त्यांना काही ते पटत नव्हतं. दुखऱ्या पायाला विसावा द्यायचा सोडून पोरगी त्याला पिळतेय, असं त्यांना वाटायचं. एका संध्याकाळी व्यायाम जास्त झाला आणि गुडघा सुजला. त्यांनी ते पाहिलं. थोड्या वेळानं ते दिवा, सुई आणि बिब्बा घेऊन आले.

तुमच्यापैकी शहरातल्यांना बिब्बा ठाऊक नसेल. ते एक काळं फळ असतं. सुईला टोचून ज्योतीवर धरलं की त्यातून तेल सुटतं. जनावर लंगडायला लागलं की मेंढपाळ त्या तेलाच्या फुल्या पायावर ओढतात. कातडी भाजते, फोड येतात. फोड आले की दुखणं बाहेर पडलं, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज.

"आबा, नगो," मायाक्का म्हणाली. "डॉक्टरनी काय बी लावू नगो म्हटलंय."

"डॉक्टरला काय ठावं? आपल्या भुरी मेंढीचा पाय कुणी बरा केला? म्याच की."

"तसं न्हाय, आबा..."

बिभीषण खाली बसले. त्यांनी तिचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. पोर मोठी झाल्यापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं. टाक्यांच्या खुणेवरून त्यांनी आपला राठ हात फिरवला, आणि त्यांचा आवाज एकदम ओला झाला.

"लई पळलाय गं ह्यो पाय. म्या बघितलंय समदं."

मायाक्काला आता नको म्हणवेना. ज्या शब्दांसाठी तिनं इतकी वर्षं वाट पाहिली, ते शब्द बिब्ब्यासोबत आले होते. एक नाकारून दुसरं कसं घ्यायचं?

"लावा," ती म्हणाली.

फुल्या ताज्या टाक्यांच्या खुणेवरच पडल्या. दोन दिवसांत बिब्बा उतला, सगळ्या गुडघ्यावर फोड आले. बिभीषण आनंदले. "बघ, दुखणं भाईर पडलं!" मायाक्का ओठ चावून हसली. मग फोड फुटले, पू झाला, ती तापानं फणफणली. सोलापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत आत सांध्यापर्यंत घाण पोचली होती. डॉक्टरीणबाई संतापल्या. "हे कुणी लावलं?"

बिभीषण तेव्हा बाहेर चहा आणायला गेले होते.

"मीच लावलं," मायाक्का म्हणाली. "पण बाहेर माझ्या वडिलांना यातलं काही बोलू नका. त्यांना आधीच्या ऑपरेशनचंच दुखणं वाटतंय. तसंच वाटू द्या."

पुन्हा ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण गुडघा पुरता वाकेना. क्लबानं वाट पाहिली आणि मग गोड शब्दांत निरोप दिला. श्रीमंत सर भेटायला आले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनाही ती म्हणाली, "गुडघाच तसला निघाला, सर." गुरम्माही आली. तिनं नुसतं मायाक्काचं डोकं मांडीवर घेतलं आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत ती बसून राहिली.

आता मायाक्का सोलापुरातल्या एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. धावून दाखवता येत नाही, म्हणून कडेला उभी राहून ओरडून सांगते, "चेंडूकडं नको, मोकळ्या जागेकडं बघा!" मला तिनं बॅगेत टाकलं, ते पुन्हा बाहेर काढलंच नाही. बॅग गावच्या घरात खुंटीला लटकत राहिली. मी आत अंधारात, उंदरांच्या संगतीत. रागावलो नाही मी तिच्यावर. काही वस्तू जवळ ठेवल्या की दुखतात, तर त्या लांबच बऱ्या.

एक दिवस बिभीषणना मी सापडलो. मी काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मला झटकलं, उन्हात घातलं, आणि गुरम्मानं राखून ठेवलेली माझी शेवटची चुणी उसवून मला भुरीच्या गळ्यात घंटेसकट बांधलं. कळपात त्यांची सगळ्यांत लाडकी ती. तीच भुरी, जिचा पाय त्यांनी बिब्बा लावून बरा केला. आणि मित्रांनो, मी दिवसभर तिच्या गळ्यात असतो म्हणून सांगतो, ती आजही लंगडते. पण ते त्यांना दिसत नाही.

परवा रविवारी मायाक्का गावी आली होती. बिभीषणबरोबर रानात बसली होती, उजवा पाय सरळ पसरून, कारण तो तसाच ठेवावा लागतो. शेजारच्या रानातला धनाजी आला. त्यानं तिच्या पायाकडे पाहून हळहळत विचारलं, "कसं झालं वो हे?"

बिभीषणनी सुस्कारा सोडला. "मोठ्या डॉक्टरानं घात केला, बाबा. कापून माती केली पायाची. ते बरं म्हणायचं, म्या टायमाला बिब्बा लावला, म्हणून पोरगी हिंडतीया तरी. न्हायतर जाग्यावर बसली असती." मग ते पोरीकडे वळले. "व्हय का न्हाय गं?"

मायाक्कानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. मेंढरांकडेही पाहिलं नाही. ती समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

"व्हय, आबा," ती म्हणाली.

बिभीषणच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी भुरीला जवळ ओढून माझ्यावरून हात फिरवला, अगदी मायेनं.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. कुणाच्या दुखण्याला हात लावण्याआधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर त्याचं ऐका. आणि तुमच्या दुखण्याला कुणी मायेनं हात लावायला आलं, तर हात धरा, बिब्बा तेवढा खाली ठेवायला सांगा. मायाक्काला ते जमलं नाही. आता ती शाळेकडे परत गेली आहे, आणि मी भुरीच्या गळ्यात आहे. भुरी लंगडत चालते, घंटा वाजते, आणि म्हातारा ती ऐकून म्हणतो, "बघा, कशी बरी झाली."