तालमीच्या मातीत बूट

आमच्या तालमीत चार पायऱ्या उतरून जावं लागतं. दार इतकं बुटकं, की कितीही मोठा पैलवान असो, मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही. आमच्या ह्यांनी मुद्दाम तसं बांधून घेतलं होतं. सिनेमावाल्यांना ते तळघर वाटलं.

"आजी, हेच पाहिजे होतं आम्हाला," त्यांचा डायरेक्टर म्हणाला. तिशीचं पोर, कानात बाळी. "अंधार, ओल, घाण."

"घाण कुटं दिसली रं तुला? हळद, ताक, लिंबू आन् गोडं तेल खाती ती माती. तू तरी रोज एवढं खातोस का?"

जमलेले लोक हसले. तोही हसला. तेव्हाच त्याला हाकलायला हवं होतं. पण तो म्हणाला, कुस्तीचा सिनेमा आहे, तुमच्या नातवाला काम देतो, आणि मी पाघळले. काष्टीच्या बाजारात लिंबं विकणाऱ्यालासुद्धा सांगून आले, आमचा हर्षल सिनेमात येणार म्हणून. शेजारच्या रंगूबाईला तर तीनदा सांगितलं.

शूटिंगच्या दिवशी कळलं, कुस्ती-बिस्ती काही नाही. कुठल्याशा शहरात जमिनीखाली चोरून मारामाऱ्या चालतात, लोक त्यावर पैजा लावतात आणि हिरो एकेकाला लोळवत जातो, अशी ती गोष्ट. आमचा हर्षल म्हणजे लोळणाऱ्यांतला तिसरा.

मी वरच्या पायरीवर बसले. बाईमाणसानं तालमीत उतरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मातीसाठी ताकाचा हंडा मी त्या पायरीवर ठेवते, आतला पैलवान येऊन घेऊन जातो. बावन्न वर्षांत माझा पाय त्या मातीला लागलेला नाही. आणि ही डझनभर माणसं बूट घालून धडाधड उतरली. एक जण कोपऱ्यात गुटखा थुंकला. मारुतीच्या फोटोवर काळं फडकं टाकलं, तळघरात मारुती कसा दिसेल म्हणे. हिरोचा दंड माझ्या लाटण्याएवढा, आणि एक पोरगी ब्रशनं त्याच्या पोटावर वड्या रंगवत होती. मग बादलीतून रक्त आलं. साखरेचा पाक आणि लाल रंग. तांब्या-तांब्यानं मातीवर ओतलं.

हलगी वाजवायला गावचा पुंजाराम होता. हलगी सुरू झाली, हर्षल उतरला, वाकला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि हिरोपुढं हात केला.

"कट! अरे, सलामी नको. गुंड आहेस तू!"

दुसऱ्यांदा पुन्हा हात कपाळाला गेला. तिसऱ्यांदा पोरगा मुठी आवळून उतरला.

मग पडायचं होतं. हिरोनं ढकललं, हर्षल पडला, पण पडता पडता गरकन फिरून पोटावर आला. पाठ लागली नाही. असं सहा वेळा. तो मुद्दाम करत नव्हता. पाठ टेकली की कुस्ती संपली, हे आठव्या वर्षापासून अंगात मुरलेलं. पोरगा झोपतोसुद्धा पालथा.

डायरेक्टर माझ्याकडे वर आला. "आजी, तुम्ही समजवा. नाहीतर दुसरा मुलगा घ्यावा लागेल."

रंगूबाई शेजारीच उभी. "काडत्यात व्हय तुमच्या हर्षलला?" म्हणाली. तोंडावर असा आनंद, जसं घरात बारसं आहे.

मला ते सोसलं नाही. मी दारातून ओरडले, "हर्षल, पड की एकदाचा! खोटंच हाय समदं."

त्यानं वर पाहिलं. "पाठीवर, आजी?"

"व्हय. पाठीवर."

पडला. सबंध पाठ मातीत. हिरोनं त्याच्या छातीवर बूट ठेवला. आणि हलगी थांबली.

"वाजव ना! अजून मारायचंय त्याला!"

"पाठ लागली, सायेब," पुंजाराम म्हणाला. "आता कशाचं वाजवू?"

हलगी नंतर घालू, असं ठरलं. हिरो हवेत बुक्क्या मारत राहिला आणि हर्षल तोंडातून पाक गाळत पडून राहिला. शेवटी रंगूबाईनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या हातांची मला अजून किळस येते.

दुसऱ्या दिवशी मातीत तांबड्या मुंग्या झाल्या. पाक खोलवर मुरला होता. पोरांनी सराव बंद केला. हर्षल तर तिकडं फिरकेना. विचारलं की म्हणायचा, "मुंग्या हायत." मुंग्यांना भिणारं पोर नव्हे ते.

आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी सकाळी फावडं आणि दोन घमेली घेतली, पायरीवर चपला काढल्या, मान वाकवली आणि खाली उतरले. माती चिकट लागली. मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या. मी घमेलं भरायला लागले.

हर्षल धावत आला आणि दारातच थबकला. "आजी! बाया उतरत न्हाईत तालमीत!"

"आन् बूट उतरले तवा तू कुटं हुतास?"

"हितंच खाली हुतो. तूच म्हनलीस, पड."

मी आणखी एक फावडं माती घमेल्यात टाकली.

"व्हय, मीच म्हनले," मी म्हणाले. "म्हनून मीच काडते ही घान. तू नगंस हात लावू."

एक घमेलं भरलं, पण उचलेना. तो तसाच बघत उभा. मग मान वाकवून उतरला. सवयीनं मातीकडे हात गेला, पण अर्ध्यातच थांबला. चिकट, लाल माती, तिच्यावर मुंग्यांची रांग.

"नवी माती आनल्यावर लावीन," तो म्हणाला आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. "तू वर बस."

"न्हाई बसत," मी म्हणाले आणि दुसरं, रिकामं घमेलं त्याच्यापुढं सरकवलं.