निळ्या फाटकापाशी चार सेकंद

सुनेची सायकलची शर्यत बघायला घड्याळजी आजवर एकदाही गेले नव्हते. गर्दीत हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नसे. शिवाय आपण गेलो आणि नेमकी ती हरली तर? पण त्या रविवारी मुलाची कामाची पाळी बदलली. निघताना तो म्हणाला, "बाबा, घरचं कुणीतरी हवं तिथे. आज शेवटची आहे."

शेवटची म्हणजे मोसमातली शेवटची. हौशी बायकांच्या त्या क्लबाचा नियम सरळ होता. मोसमात एक तरी शर्यत पुरी करायची, नाहीतर पुढच्या वर्षी यादीत नाव नाही. रस्ते दर वेळी तेच, एक चौकोनी वळसा आणि त्याच्या पंधरा फेऱ्या. सगळ्यांत पुढच्या बाईने मागून येऊन गाठलं की पंच शिट्टी वाजवणार आणि तुम्ही बाहेर. सुनेला तीन शर्यतींत तीन शिट्ट्या मिळाल्या होत्या. शेवटच्या फेरीला वाजते ती पितळी घंटा तिने नेहमी कडेला बसूनच ऐकली होती.

ती टपाल वाटायची. अकरा वर्षं याच वस्तीत वाटत होती, म्हणून क्लबात तिचं नाव 'टपाल' पडलं होतं.

"काय गं टपाल, आज तरी वेळेवर पोचशील ना?" रेषेवर उभ्या पोरींपैकी एकीने विचारलं.

"पोचते गं बाई. उशीर झाला तरी पत्ता चुकत नाही मी," सून म्हणाली. सगळ्या हसल्या. मग तिने मान वळवून हळूच म्हटलं, "बाबा, कंटाळलात तर घरी जा हं. बाराव्या फेरीनंतर येतेच मी मागोमाग."

हे ती हसत हसत बोलली.

झेंडा पडला. घड्याळजींनी खिशातून थांबघड्याळ काढलं. पुढच्या बायकांना एका फेरीला बरोब्बर दोन मिनिटं लागत होती. सुनेला त्याहून नऊ सेकंद जास्त. त्यांनी बोटांवर मोजलं. चौदाव्या फेरीत गाठणार. गेल्या खेपेपेक्षा बरं, पण शिट्टी ती शिट्टीच.

"वय झालं हो तिचं," शेजारचा एक गृहस्थ आपण होऊन म्हणाला. "दम पुरत नाही."

जुनं झालं, मागे पडतं, टाकून द्या, हे घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीच्या दुकानात चाळीस वर्षं ऐकलं होतं. बहुतेकदा चाकाच्या एखाद्याच दात्यात कण अडकलेला असायचा. तो सापडेपर्यंत एकेक चाक बघत जायचं, एवढंच त्यांना येत होतं. म्हणून ते चालायला लागले.

चढावर उभं राहून त्यांनी दोन खांबांमधला वेळ मोजला. सून एकच सेकंद मागे. लांब सरळ रस्त्यावर दोन. मग तिसऱ्या वळणावर, एका निळ्या फाटकासमोर, चार! त्यांनी पुढची फेरी येईपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा मोजलं. चारच. आणि या वेळी त्यांना दिसलं की वळणाआधीच तिच्या उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर मिटली. ती दम टाकत समोर बघत होती. बोटांकडे तिचं लक्षही नव्हतं.

फाटकाआडून कुत्रा भुंकला, आणि घड्याळजींना सगळा उलगडा झाला. जेवताना ज्याच्या गोष्टी सांगून ती सगळ्यांना हसवायची, तो निळ्या फाटकाचा राक्षस हाच! कडी सैल असल्यामुळे ती टपाल घेऊन आली की तो रोज अंगावर धावून यायचा आणि ती रोज इथे आधीच वेग कमी करायची. दोन महिन्यांत तिच्या शर्यतीच्या सायकलचे ब्रेकचे रबर त्यांनी दोनदा बदलले होते. "मी ब्रेक लावतच नाही हो बाबा," ती म्हणाली होती. खोटं बोलत नव्हती बिचारी.

आता सांगायचं कसं? घड्याळजी जन्मात कधी ओरडले नव्हते. आणि समजा 'ब्रेक' म्हणून ओरडलो आणि तिने दाबलाच तर?

ते रस्ता ओलांडून गेले आणि निळ्या फाटकाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. कुत्र्याला ते स्वतः सुनेपेक्षा जास्त घाबरत.

"अहो काका, काय झालं?" मालकीणबाई खिडकीतून म्हणाल्या. "कुत्रा साखळीला बांधलाय!"

"मला ठाऊक आहे हो," घड्याळजी म्हणाले. "तिच्या बोटांना ठाऊक नाही."

सातव्या फेरीला सून आली. बोटं ब्रेककडे उचलली गेली, तेवढ्यात तिला फाटकावर पसरलेला सासरा दिसला. तिचं तोंड उघडंच राहिलं. बोटं तशीच हवेत राहिली आणि सायकल सपकन वळणातून गेली. आठव्या फेरीला बोटं हलली नाहीत. नवव्याला तिने हसून मान हलवली.

आता त्यांना जागा सोडता येईना. साखळी तशी लांबच होती. फटीतून ओलं नाक पाठीला लागत होतं आणि मग सदऱ्याचं टोक कुणीतरी चावायला घेतलं. घड्याळजींनी डोळे मिटले आणि कान रेषेकडे लावले. बारा. तेरा. पुढच्या बायका घोळक्याने येऊन गेल्या, घंटा वाजली ती त्यांची. आता शिट्टी. आत्ता वाजेल. त्यांनी श्वास धरून ठेवला.

पुन्हा घंटाच वाजली.

वळणावर ती आली. घामाने निथळत, वाकडीतिकडी, एकटी.

"बाबा, ऐकलीत का?"

"ऐकली!" घड्याळजी असे ओरडले की कुत्रा सदरा सोडून मागे सरला. "पळ, पोरी, पळ!"

ती दिसेनाशी झाल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, "कितवी येणार हो तुमची मुलगी?"

"शेवटची," घड्याळजी फाटक्या सदऱ्याकडे बघत म्हणाले. "सून आहे. पंधराच्या पंधरा पुऱ्या करणार आज ती."

मग त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. ते थांबवायचं राहूनच गेलं होतं. चालू दे, असं मनाशी म्हणत ते रेषेकडे निघाले, जरा भरभरच.