पोटात रेघ असलेला ओ

एक कल्पना करून बघाल, मुलांनो? तुमचं नाव शाळेच्या प्रत्येक छापील यादीत सगळ्यांत खाली आहे. हजेरीत शेवटी, खाऊ वाटताना शेवटी, दात तपासणाऱ्या डॉक्टरांपुढेही शेवटी. जमलं? मग किरगिझस्तानातल्या नारिनच्या जिपारचं अर्धं दुखणं तुम्हाला कळलं.

तिचं आडनाव ओमुरालियेवा. किरगिझ लोक ते साध्या ओने लिहीत नाहीत. पोटात आडवी रेघ असलेल्या ओने लिहितात. वर्णमालेत या अक्षराची जागा साध्या ओच्या शेजारी आहे. पण किरगिझांनी बाकीची अक्षरं जिच्यातून घेतली त्या रशियन लिपीत ते नाही, म्हणून संगणक त्याला उचलून शेवटच्या अक्षराच्याही मागे ठेवतो.

दुसरं अर्धं दुखणं म्हणजे बेरमेट असानोवा. याच वर्षी राजधानी बिश्केकहून आलेली, आणि अ मुळे प्रत्येक यादीत पहिली.

गावच्या वाचनालयात जुन्या टेपवरून उतरवलेल्या एकसष्ट हजार फायली होत्या. गाणी, कोमुझ या तीन तारांच्या वाद्याचं वादन, म्हाताऱ्यांच्या गप्पा, सगळं एकाच फोल्डरमध्ये. ते उघडलं की संगणक थिजून बसे. संगणकाच्या वर्गाचे झानिबेक अगाय, म्हणजे सर, मुलांना म्हणाले, "गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या नावांनी या फायलींची यादी दाखवणारा प्रोग्राम लिहा. ज्याची यादी चालेल, तीच शनिवारी वाचनालयात लावायची."

जिपार तीन आठवडे राबली. तिचा प्रोग्राम प्रत्येक फायलीसाठी एक ओळ तयार करायचा. एकसष्ट हजार फायली, एकसष्ट हजार ओळी. अगायनी तो सुरू केला, चहा ओतला, प्यायला. पडदा पांढराच.

"जिपार, बाळ, दुसरा प्याला ओतू का?"

वर्ग खिदळला. बेरमेटची यादी मात्र डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उघडली.

"पडद्यावर पंचवीसच ओळी मावतात, अगाय," ती म्हणाली. "म्हणून मी पंचवीसच करते. यादी सरकली की वरून गेलेली ओळ खाली आणायची आणि तिच्यावर पुढचं नाव लिहायचं. जिपारच्या आईच्या दुकानात सुचलं मला. फळीवर वीसच सपाता, बाकीची पोती मागे. गिऱ्हाईक मागेल तसं काढायचं."

जिपारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती फळी तिची! रोज शाळा सुटली की तीच तिथे लोकरीच्या सपाता मांडायची. आणि सुचलं कोणाला, तर एकदा सपाता घ्यायला आलेलीला!

"किती गोड मुलगी आहे ती," घरी आई म्हणाली. "सपाता घ्यायला आली, त्या दिवशी मला मोजू लागली."

"मग तिलाच ठेवून घे," जिपार म्हणाली आणि न जेवताच उठली.

शुक्रवारी ती बेरमेटच्या यादीत खोट शोधायला बसली. खोट सापडली, आणि तीही अगदी ओळखीची. पोटात रेघ असलेल्या ओची सगळी नावं तळाशी गेली होती. आपलं आडनाव जिथे असतं, तिथेच. जिपारने कोणालाही सांगितलं नाही. होऊ दे हसं एकदा, ती मनात म्हणाली.

शनिवारी सकाळी वाचनालयात बेरमेटची यादी लागली, बघायला जिपारही आली. तेवढ्यात आत-बाशी गावाहून पहिल्या बसने कुलिपा आपा आल्या. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत. त्यांच्या धाकट्या भावाचं कोमुझवादन कधीतरी टेपवर घेतलं होतं. भाऊ आता राहिला नव्हता.

"ओमुरझाक त्याचं नाव," त्या म्हणाल्या. "एकदाच ऐकवा गं पोरींनो."

बेरमेटने झरझर यादी सरकवली. ओ आला, ओ गेला. ओमुरझाक नव्हता. तिने पुन्हा पाहिलं. नाव लिहून शोधायची सोय अजून कोणी केलेली नव्हती.

"नाहीये, आपा."

"नीट बघितलंस ना, बाळ?"

"दोनदा बघितलं." बेरमेटचे कान लालबुंद झाले.

याच क्षणाची जिपारने वाट पाहिली होती. आता गुदगुल्या व्हायला हव्या होत्या. पण कुलिपा आपा रुमालाची गाठ आवळत बेरमेटची समजूत घालत होत्या, "नसेल, राजा. पुसली गेली असेल टेप. तुला उगाच त्रास दिला." आणि त्या दाराकडे वळल्या.

जिपारने दाराकडे पाहिलं. आपण तोंड उघडलं, तर खोट दुरुस्त होऊन बेरमेटची यादी बिनचूक ठरणार. नाही उघडलं, तर आपा रिकाम्या कानांनी आत-बाशीला जाणार.

"थांबा, आपा!" ती ओरडली. मग बेरमेटला म्हणाली, "सरक."

तिने माउस हातात घेतला आणि यादी एका झटक्यात तळाशी ओढली. एकसष्ट हजार नावं क्षणात मागे पडली. आपल्या यादीत इथवर पोचायला दुपार झाली असती, हे जिपारला कळलं, आणि तेही झोंबलंच.

तळापासून सातव्या ओळीत ओमुरझाक होता.

"तुझी यादी पळते झकास, बिश्केकवाली," जिपार म्हणाली. "पण तिला किरगिझ कुठे येतं?"

बेरमेट पडद्याकडे बघत राहिली. "तुला कसं माहीत, तो इथे असेल?"

"मी इथेच तर राहते, तळाशी."

"मग शिकव ना तिला."

पोटातलं दुखणं थांबलं नव्हतं. तरी जिपारने आधी कुलिपा आपांना खुर्चीत बसवलं, त्यांच्या रुमालावरूनच हेडफोन चढवला आणि वादन सुरू केलं. मग दुसरी खुर्ची ओढून ती बेरमेटच्या शेजारी बसली, कीबोर्ड आपल्याकडे घेतला आणि वर्णमालेचा क्रम लिहायला लागली. ओ लिहिला, आणि त्याच्या लगेच खाली, पोटात रेघ असलेला ओ.