आपोआप लागणारं कुलूप

एकोणीस वर्षं ती त्या कारखान्याच्या चाचणीच्या खोलीत होती. खिशात मावणारी पाच गोळ्यांची रिव्हॉल्व्हरं तिथे बनायची आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येक तिच्या हातून जायचं. वाळूच्या पोत्यांवर दोन गोळ्या झाडायच्या, चक्र नीट फिरतंय का बघायचं, कुलूप लावून काढायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणायचे. धाकटा भाऊ थट्टेने म्हणायचा, "ताई, जगात लोक गोळ्या खातात, तू गोळ्यांवर पोट भरतेस."

कुलूप म्हणजे फार काही नव्हतं. घोड्याच्या शेजारी एक बारीक भोक. त्यात किल्ली घालून फिरवली की आत नखाएवढी पोलादी पट्टी वर उठायची आणि घोड्याला अडवायची. मग चाप कितीही ओढा, ढिम्म. घरात लहान मुलं असतात, म्हणून ही सोय. सगळ्या नगांना एकच किल्ली चालायची, आणि चाचणीवाल्यांच्या गळ्यात ती दोरीला बांधलेली असायची.

त्या सकाळी एक नग परत आला. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती: कुलूप लावलं नव्हतं, तरी लागलं. दोन महिन्यांतली ही तिसरी तक्रार. पहिल्या दोन वेळी "गिऱ्हाइकानेच किल्ली फिरवली असेल" म्हणून साहेबांनी विषय मिटवला होता. या वेळी तिने कोणाला विचारलं नाही. हलक्या धातूच्या सांगाड्याचे नवेकोरे दहा नग काढले, रोजची साधी काडतुसं बाजूला सारली आणि जोरदार काडतुसं भरली. प्रत्येकातून पाच.

चौथा नग तिसऱ्या गोळीनंतर अडकला. तिने पुन्हा चाप ओढला. बोट पांढरं पडलं, घोडा हलला नाही. आठवा दुसऱ्या गोळीनंतर. सांगाडा इतका हलका, की गोळीच्या धक्क्यानेच आतली पट्टी उसळून वर बसत होती.

तिच्या मनात आधी कारखाना आला नाही, भाऊ आला. भावाच्या कमरेला हेच मॉडेल होतं.

भाऊ शहराला पाणी आणणाऱ्या मोठ्या पाइपलाइनवर गस्त घालायचा. रोज बारा किलोमीटर पायी, एकटा; गळती शोधायची, व्हॉल्व्ह तपासायचे. वाटेत कचराडेपो होता आणि तिथल्या कुत्र्यांची टोळी अलीकडे माणसांवर धावून यायला लागली होती. रिव्हॉल्व्हर तिनेच त्याला घेऊन दिलं होतं. शंभर नगांतून निवडून, "हलकं आहे, चालताना ओझं नको" म्हणून. पंधराच दिवसांपूर्वी जोरदार काडतुसंही तिनेच कारखान्यातून आणून दिली होती. आणि किल्ली? "किल्ली घरी कपाटात ठेव, पोरं लहान आहेत," हेही तिचंच सांगणं.

तिने फोन लावला. लागेना. पाइपलाइन जाते त्या दरीत रेंज नसते हे ठाऊक असून सहा वेळा लावला. मग भावजयीला.

"सातलाच गेलेत," भावजय म्हणाली. "दोनच्या सुमाराला पंपघरावर पोचतील. का हो ताई? आवाज असा का येतोय?"

"काही नाही. फोन आला तर सांग, आहेस तिथून मागे फिर."

"मागे फिर म्हणजे? ताई, झालंय काय?"

तिने फोन ठेवून दिला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

साहेबांनी आकडे वाचले. "पन्नास गोळ्यांत दोन. बाई, त्यासुद्धा जोरदार काडतुसांच्या. ती वापरा असं आपण सांगतच नाही."

"वापरू नका असंही पेटीवर कुठे लिहिलेलं नाही."

"आणि अडकलं तर किल्ली आहे की."

"किल्ली कपाटात असते, साहेब. तसं आपणच लिहून देतो. साहेब, माझा भाऊ आत्ता त्या दरीत आहे. मला गाडी द्या. पाया पडते तुमच्या."

"आधी ते दहा नग आणि नोंदवही माझ्याकडे जमा करा. सही करा. मग गाडीचं बघू."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळून चुकलं, की इथे उभं राहून फक्त वेळ जाणार. ती खोलीत परतली, नोंदवहीतलं कार्बनखालचं पान फाडून पोलक्यात खोचलं आणि मागच्या दाराने गोदामाकडे धावली. तिथला म्हातारा ड्रायव्हर व्हॅनमध्ये डबा उघडून बसला होता. तिचं अर्धं बोलणं ऐकूनच त्याने डबा बंद केला. "बसा."

चाळीस मिनिटं त्याने व्हॅन पिटाळली. एकदाच म्हणाला, "बाई, श्वास घ्या." डांबरी रस्ता संपला, पुढे खडी, मग खडीही संपली. व्हॅन कचराडेपोच्या अलीकडे एका व्हॉल्व्हच्या चौकोनी टाकीपाशी थांबली. समोर पाइप दरीत उतरत होता, माणसाच्या उंचीचा, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकलेला.

ती पाइपच्या कडेकडेने पळत सुटली. पन्नाशीला आलेली बाई. दहा मिनिटांत छाती फुटायची वेळ आली. जिवाच्या आकांताने हाका मारत होती आणि हाक दरीत विरून जात होती.

मग गोळीचा आवाज आला.

ती थबकली. एकोणीस वर्षांत तिने हा आवाज किती वेळा ऐकला असेल, पण त्याच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या आवाजासाठी कान असे कधी टवकारले नव्हते. दुसरा आला. मग तिसऱ्याची वाट बघत ती उभी राहिली. तिसरा आला नाही. आलं ते भुंकणं, आणि भावाचं ओरडणं.

वळण ओलांडल्यावर तो दिसला. पाइपवर पालथा पडून त्याने लोखंडी कड्याला मिठी मारली होती. पोटरी फाटून पँट रक्ताने काळी झाली होती. खाली आठ-नऊ कुत्री. एक पिवळं, थोराड कुत्रं ठोकळ्यावर चढून त्याच्या पायापर्यंत उड्या घेत होतं. भाऊ रिव्हॉल्व्हरची मूठ पाइपवर आपटत होता, वेड्यासारखा.

"ताई, येऊ नकोस! मागे जा! हे चालत नाहीये!"

"वरच थांब! मी येते!"

अलीकडच्या एका ठोकळ्याच्या शिडीने ती पाइपवर चढली. ऊन खाऊन पत्रा तापला होता. हात आणि गुडघे टेकत, भाजत, ती तीसेक पावलं पुढे सरकली. खालून कुत्री तिच्याबरोबर चालत होती.

"दे इकडे."

"अडकलंय गं ते! दोन झाडल्या आणि..."

"माहीत आहे मला. दे."

तिने गळ्यातली किल्ली ओढली. टोक भोकात जाईना. रोज दोनशे वेळा केलेली क्रिया. तिने मनगट पाइपला टेकवलं, किल्ली घातली, फिरवली. आत खट्ट झालं. पिवळं कुत्रं पुन्हा उसळलं तशी तिने चाप ओढला. ते कोसळलं.

बाकीची दोन पावलं मागे हटली, गेली नाहीत. तिने पुन्हा नेम धरला. चाप हलला नाही. कुलूप परत लागलं होतं.

"काय झालं? ताई, मार ना!"

परत किल्ली. घामाने ती बोटांतून सुटली, दोरीला लोंबकळली. भावाने रक्ताळलेल्या हाताने दोरी धरून दिली. परत खट्ट. गोळी कुठे लागली तिने पाहिलंही नाही. या वेळी अडकलं नाही; टोळी बिचकावी म्हणून तिने शेवटची हवेत झाडली. आता काही उरलं नव्हतं. कुत्री उतारावर थांबून बघत राहिली. दोघं एकमेकांना धरून पाइपवर बसून होती आणि ती मनातल्या मनात कोणाकोणाला विनवत होती, तिचं तिलाच ठाऊक. शेवटी व्हॅनचा हॉर्न ऐकू आला, लांबलचक, न थांबता. म्हाताऱ्याने कशीबशी गाडी खडकांतून खाली आणली होती. तेव्हा कुठे ती टोळी पांगली.

पाय वाचला, पोटरी वाचली नाही. इस्पितळात इंजेक्शनं वेळेत मिळाली. पुन्हा लाइनवर चालणं शक्य नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. भावजय रोज डबा घेऊन यायची, तिच्याशी नीट बोलायची, पण नजर चुकवायची. भाऊ नऊ दिवस तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहायची.

कारखान्याचं पत्र आलं: परवानगीशिवाय किल्ली बाहेर नेली, काडतुसं बाहेर दिली, कामावरून निघून गेली, सेवा समाप्त. काडतुसांबद्दल तिला नाही म्हणता येईना. त्या दहा नगांच्या चाचणीची नोंदवहीत नोंदच नाही, असंही पत्रात लिहिलं होतं.

दहाव्या दिवशी भाऊ छताकडे बघत म्हणाला, "ताई, तसली किती असतील?"

"माझ्या सहीची? अकरा हजारांच्या वर."

"मग इथे काय करत बसलीयेस?"

तिला रडू फुटलं. तो चिडून म्हणाला, "रडू नकोस. तू ते मला मायेने दिलं होतंस, म्हणून तर जास्त राग येतो. दुसऱ्या कोणी दिलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो."

ती कार्बनचं पान घेऊन शस्त्र-परवाना कार्यालयात गेली. पहिल्या दिवशी शिपायाने बसवून ठेवलं, दुसऱ्या दिवशी कारकुनाने. तिसऱ्या दिवशी एका अधिकारीण बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्हीच पास केलेल्या मालाविरुद्ध तुम्ही साक्ष देणार? उद्या तुमच्यावरही शेकेल."

"शेकू दे."

चार महिन्यांनी बाहेरच्या प्रयोगशाळेत शंभर नग तपासले. नऊ अडकले. विक्री थांबली, परवानाधारकांना पत्रं गेली. तोवर दोन घरांसाठी उशीर झाला होता; ऐन वेळी कुलूप लागून माणूस गेला होता. अधिकारीण बाईंनी तिला त्या दोन फायली दाखवल्या. दोन्हींत शेवटी तिचीच सही होती.

आता भाऊ पंपघरात बसून मीटर वाचतो. ती दर गुरुवारी त्याला मलमपट्टीला नेते. परवा जिना उतरताना त्याने तिच्या खांद्यावर पूर्ण भार टाकला आणि विचारलं, "त्या दोन घरी जाऊन आलीस?"

"एका."

"काय म्हणाले?"

"दार उघडलं. बसा म्हणाले. तेवढंच."

तो एक पायरी उतरला, थांबला. "दुसऱ्या घरी मी येतो बरोबर," तो म्हणाला.