आडीच्या सीरातला मासा

आमच्या टँकमध्ये कोण राहायचं आणि कोण नाही, हे चौदा वर्षं मी ठरवत आले. खाऱ्या पाण्याचा टँक म्हणजे रंग आवडला म्हणून आणला आणि सोडला असं नसतं हो. कोण कोणाला चावतो, कोण प्रवाळं कुरतडतो, कोणाला निजायला स्वतःची कपार लागते, सगळं बघावं लागतं. गरीब स्वभावाचे आधी सोडायचे, दांडगट सगळ्यात शेवटी, कारण जो आधी येतो तो सगळी जागा आपलीच समजतो. आमच्या कोळत्तूरला गल्लोगल्ली माशांची दुकानं, तरी लोक मलाच विचारायला यायचे, "वेदवल्लीअक्का, हा त्याच्याबरोबर चालेल का?"

टँकची मालकीण अम्मणी, क्लाउन मासा. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, समुद्रफुलात लोळत पडलेली. इनियन दहा वर्षांचा असताना आम्ही मायलेकांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला निवडून आणलं. तिचा नवरा एक दिवस उडी मारून बाहेर पडला नि मेला, माझा त्यानंतर वर्षाने गेला. मग घरात आम्ही तिघंच, मी, इनियन आणि अम्मणी.

आणि मग संक्रांतीच्या तै महिन्यात मुगिल आली. सून.

मुलगी वाईट नाही, खोटं कशाला बोलू? पण मंडपमची, समुद्राकाठची, आणि बाप हेच मासे पैदास करून विकणारा. आठवडाभरात अम्मणी तिच्या बोटातून खायला लागली. मला त्यासाठी वर्ष लागलं होतं, वर्ष! इनियन तर बघतच राहिला. "अम्मा, बघ ना, मुगिलच्या हाताला कशी चिकटते!" बघितलं बाबा. डोळे आहेत मला. त्या दिवसापासून संध्याकाळी टँकसमोर दोन खुर्च्या लागायला लागल्या, आणि त्यातली एकही माझी नव्हती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

म्हणून आडी महिना लागायची मी वाटच बघत होते. लग्नानंतरच्या पहिल्या आडीत सून माहेरी जाते, नवरा-बायको एकत्र राहत नाहीत. इनियन म्हणाला, "अम्मा, हल्ली कोण महिनाभर पाळतं? दोन दिवस जाऊन येईल ती."

"दोन दिवस? लोक शेण घालतील तोंडात. पुरता महिना. आणि तूही तिकडे फिरकायचं नाहीस."

मला माझा मुलगा महिनाभर परत हवा होता, दुसरं काही नाही.

तिचे आई-वडील न्यायला आले ते रीतीप्रमाणे सीर, म्हणजे माहेरचा आहेर, घेऊन. अकरा ताटं मांडली. साडी, फळं, हळदकुंकू, मुरुक्कू, आणि शेवटी एक थर्माकोलची पेटी. व्याह्यांनी ती मोठ्या कौतुकाने उघडली. आत पिशवीत एक मासा. नखाएवढा. अम्मणीच्याच जातीचा, पण इतका बारका की पट्टे शोधावे लागत होते.

"एकच?" मी म्हटलं. "आमच्याकडे सीरात वस्तू जोडीने देतात. का मंडपमला दुष्काळ पडलाय माशांचा?"

व्याह्यांचा चेहरा पडला. मुगिल घाईघाईने म्हणाली, "अत्तै, तसं नाही, मी सांगते ना, अम्मणीसाठी..."

"असू दे, असू दे. सीर परत करत नसतात. निघा आता, ऊन चढतंय."

ती गेली. मला वाटलं, आता दुसरी खुर्ची माझी. कसलं काय! इनियन ऑफिसातून आला की फोन टँकसमोर धरून बसायचा. "दिसला का? तो बघ, प्रवाळामागे." आणि फोनमधून तिचा आवाज, "खाल्लं का त्याने?" मी ताटं मांडून बसलेली. मी खाल्लं का, हे कोणी विचारलं नाही. त्या चिमुरड्याचं नावसुद्धा त्यांनी फोनवरच ठरवलं, पोडियन. त्या नखाएवढ्या माशाचाही मला राग राग यायला लागला.

इनियन ऑफिसच्या कामाला तीन दिवस मदुरैला गेला, आणि मी तडक दुरैपांडीच्या माशांच्या दुकानात गेले.

"क्लाउनच दे, पण असा मोठा नि रंगदार की बघणाऱ्याने तोंडात बोट घातलं पाहिजे."

त्याने ‘मरून’ जातीचा क्लाउन दाखवला. गडद लाल, पोडियनच्या पाचपट. मग तोच थबकला. "अक्का, कोणाच्या टँकसाठी? ही मादी आहे. एका टँकमध्ये दोन माद्या... आता तुम्हाला मी काय सांगणार?"

"भाचीचा नवा टँक आहे," मी बेधडक ठोकून दिलं.

दोन माद्या एकमेकींच्या जिवावर उठतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण वाटलं, टँक मोठा आहे, अम्मणी खमकी आहे. व्याही महिन्याने सुनेला पोचवायला येतील तेव्हा त्यांना दिसू दे मासा कशाला म्हणतात ते. पिशवीतल्या पाण्यात हळूहळू टँकचं पाणी मिसळलं आणि दिली सोडून.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर समुद्रफुलात लाल बया पसरलेली, आणि माझी अम्मणी वरच्या कोपऱ्यात पंपाला चिकटून, एक पर फाटून लोंबतोय. जरा खाली आली की ती लाल अंगावर धावायची. मी जाळी घेतली. दुपारपर्यंत दगडांमधून तिच्यामागे जाळी फिरवत होते, ती सापडेना. अम्मणीला मात्र धड श्वास घेता येत नव्हता. इनियनला फोन लावला.

"हं अत्तै, बोला," पलीकडून मुगिल.

मी फोनकडे बघितलं. नंबर इनियनचाच होता. मदुरैला ऑफिसचं काम म्हणे! मेल्याने आडीत सासुरवाडी गाठली होती. एरवी मी त्या दोघांची सालटी काढली असती. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"अगं मुगिल, अम्मणी मरतेय गं."

मी रडत रडत सांगितलं, एक लाल मादी तिला मारतेय आणि जाळीत सापडत नाही. ती म्हणाली, "अत्तै, जाळी ठेवा खाली. आरसा आहे ना हाताशी? बाहेरून काचेला लावा. त्या लाल मादीला वाटेल दुसरी आलीये. भांडायला बाहेर येईल, मागून जाळी घाला."

मी फोन स्पीकरवर टाकला, माझा जुना कुंकवाचा आरसा आणला आणि काचेला लावून धरला. लगेच आली ना लाल बया फणफणत! स्वतःवरच तोंड आपटायला लागली, एकदा, दोनदा, दहादा. बाकी जगाची शुद्धच नव्हती तिला. मागून जाळी आली तेही कळलं नाही. मी तिला बादलीत टाकली आणि मटकन खालीच बसले.

"सापडली का? आता अम्मणीला आराम द्या. पर येतो भरून," मुगिल म्हणाली. मग विचारलं, "पण ही दुसरी आली कुठून, अत्तै?"

"मीच आणली. सीराला जोडी हवी म्हणून."

"जोडी होतीच की. तेच सांगत होते मी तेव्हा. अम्मणी आणि पोडियन. मी अप्पांना म्हटलं, हौदातला सगळ्यात बारका द्या. मोठा दिला असता तर त्याने अम्मणीचं घर घेतलं असतं. आता ती आहे तोवर हा बारकाच राहील. त्यांच्यात तसंच असतं ना, थोरली घरात असली की धाकटा वाढतच नाही."

अकरा ताटांसमोर तिच्या बापाला काय बोलले होते मी, ते आठवून कानशिलं तापली. आणि खरं सांगते, तेव्हाही आत कुठेतरी जळलंच. हेसुद्धा हिलाच सुचायचं होतं!

पोडियन कपारीतून निघाला, थरथरत अम्मणीजवळ गेला आणि तिच्या फाटक्या पराखाली जाऊन राहिला. तिने त्याला हाकललं नाही.

"मुगिल, आडीचे किती दिवस राहिलेत?"

"सतरा."

"कोण पाळतंय हल्ली महिनाभर? उद्याच्या गाडीने ये."

"अत्तै, पुरता महिना असं तुम्हीच तर..."

"मीच म्हणाले होते ना? मग मीच म्हणतेय, ये. लोक बोलले तर मी बघून घेईन. आणि अप्पांना सांग, मासा चांगला निवडलाय म्हणून."

फोन ठेवला, लाल बयेला बादलीसकट दुरैपांडीकडे परत करून आले, आणि हॉलमध्ये टँकसमोर तिसरी खुर्ची आणून ठेवली. तेव्हा कुठे आठवलं, इनियनला झापायचं राहूनच गेलं.